स्पंजी हाड किती ताठ असते?

मांडीच्या हाडाचे खुब्याकडचे टोक उभे कापले की बाहेर भरीव कवच दिसते आणि आत बारीक काड्यांची जाळी. एकेक काडी जेमतेम ०.१ ते ०.२ मिलिमीटर जाडीची, मधल्या पोकळ्यांत मज्जा. हे स्पंजी हाड. नाव ऐकून ते बोटाने चेपेल असे वाटते, पण चालताना शरीराचा भार याच जाळीतून पुढे जातो.

ताठपणा मोजायची रीत ऐकायला सोपी आहे. हाडाचा लहानसा दंडगोल कापायचा आणि यंत्रात दाबायचा. दर चौरस मिलिमीटरला किती बल लावले आणि उंची किती टक्के घटली, यांचे गुणोत्तर म्हणजे यंगचा गुणांक.

घोळ होतो तो टोकांशी. दंडगोल कापताना तिथल्या काड्या शेजाऱ्यांपासून तुटतात, त्यांचा आधार जातो आणि दाब येताच त्या आधी वाकतात. ८ मिलिमीटर उंचीचा नमुना अर्धा टक्का दबला तर उंची घटते फक्त ०.०४ मिलिमीटर, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी. त्यात टोकांनी आणखी ०.०२ मिलिमीटर दगा दिला, की ताठपणा एक तृतीयांशाने कमी भरतो! म्हणून नमुन्याची टोके पितळी टोप्यांमध्ये चिकटवून घेतात आणि लांबीतला बदल मधल्या भागावर मोजतात. हाड ओलेही ठेवावे लागते, कारण वाळले की ते जास्त ताठ होते. मला तर या विषयातली खरी कारागिरी याच खटाटोपात दिसते.

इतके करूनही उत्तर एक येत नाही. काही नमुन्यांचा गुणांक जेमतेम काही मेगापास्कल भरतो (एक मेगापास्कल म्हणजे दर चौरस मिलिमीटरला एक न्यूटन बल), तर काहींचा गुणांक ३,००० मेगापास्कलच्या आसपास जातो. याचे मोठे कारण घनता. ताठपणा घनतेच्या साधारण वर्गाच्या ते घनाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे घनता निम्मी झाली तर ताठपणा चौथ्या ते आठव्या हिश्श्यावर येतो. दुसरे कारण दिशा. नेहमी भार येतो त्या दिशेने काड्या रांगेत लागलेल्या असतात, त्यामुळे तोच तुकडा आडवा दाबला तर बराच नरम लागतो. खुब्यातल्या या रांगा एकोणिसाव्या शतकात शरीररचनातज्ज्ञ मायर यांनी रेखाटल्या, आणि क्रेनमधल्या ताण-दाबाच्या रेषांशी त्यांचे साम्य अभियंता कुलमन यांच्या नजरेत भरले.

मग काडीचा पदार्थच मऊ असतो का? हिऱ्याचे सूक्ष्म टोक एकेका काडीत रुतवून पाहिले, तर गुणांक बहुधा १० ते २० गिगापास्कलच्या, म्हणजे १०,००० ते २०,००० मेगापास्कलच्या घरात येतो. भरीव हाडाच्या तो फारसा मागे नाही. म्हणजे अख्ख्या तुकड्याचा नरमपणा येतो तो पोकळ्यांतून आणि काड्यांच्या जोडणीतून. हाच हिशेब उलटाही मांडता येतो. सूक्ष्म सीटी स्कॅनने जाळीचे त्रिमित चित्र घ्यायचे, संगणकात त्याचे लक्षावधी घनाकृती कण करायचे आणि ते आभासी हाड दाबायचे. यंत्रातल्या आकड्याशी त्याचा मेळ बसवला, की काडीच्या पदार्थाचा ताठपणा हाती येतो.

दवाखान्यातली हाडांची नेहमीची क्ष-किरण तपासणी, डेक्सा, दर चौरस सेंटिमीटरमागे खनिज किती आहे ते सांगते. काड्या जोडलेल्या आहेत की तुटलेल्या, हे तिला दिसत नाही. जिवंत माणसाच्या मनगटात आणि नडगीत ही जाळी बारीक सीटी स्कॅनने पाहता येते. खुबा आणि मणका मात्र शरीरात खोल असतात, आणि तिथे तितके स्पष्ट चित्र घ्यायचे तर किरणांची मात्रा फार वाढवावी लागते.