चिपच्या आतलं घड्याळ आणि पुसला गेलेला आकडा

चिपचं घड्याळ बरोबर धावतं का, हा प्रश्न ८०५१ या जुन्या मायक्रोकंट्रोलरच्या (एका चिपवरच्या छोट्या संगणकाच्या) काळात नव्हताच. बाजूला ११.०५९२ मेगाहर्ट्‌झचा क्रिस्टल (नेमके ठोके देणारा स्फटिक) लावला की सिरियल तारेवर माहिती पाठवायचा ९६०० बॉडचा (दर सेकंदाला ९६०० बिटचा) वेग बरोबर निघायचा. पुढं आठ पायांच्या चिपा आल्या. त्यातले दोन पाय क्रिस्टलला देणं जिवावर यायचं, म्हणून रेझिस्टर-कपॅसिटरवर चालणारं आरसी घड्याळ आतच आलं. ते दर चिपमध्ये थोडं निराळं धावतं. कारखान्यात मोजून त्या-त्या चिपचा दुरुस्तीचा आकडा, म्हणजे ऑसकॅल, सोबत दिला जाऊ लागला.

वाद झाला तो हा आकडा ठेवायचा कुठं यावर. मायक्रोचिप कंपनीच्या पीआयसी १२एफ६७५ या आठ पायांच्या चिपमध्ये तो प्रोग्राम मेमरीच्या अगदी शेवटच्या, १०२४व्या घरात ठेवला. प्रोग्रामनं त्या घराला कॉल करायचा, म्हणजे तिथं उडी मारायची, आणि आकडा घेऊन परतायचं. वापरायचा की नाही हे लिहिणाऱ्याच्या हाती राहतं, असं याचं समर्थन होतं. पण चिप पुसताना तेही घर पुसलं जातं; आकडा आधी वाचून परत लिहिला नाही तर तो हरवतो. मग कॉल परतत नाही, प्रोग्राम पुन्हा पहिल्या ओळीवर येतो आणि तिथंच गरगर फिरतो. तालुक्याच्या दुकानात घरगुती प्रोग्रामरवर (चिपमध्ये प्रोग्राम भरायच्या यंत्रावर) अशा कितीतरी चिपा ‘गेल्या’ म्हणून डब्यात पडल्या. त्या चांगल्या होत्या. एव्हीआर या दुसऱ्या घराण्याच्या चिपांत आकडा न पुसता येणाऱ्या वेगळ्या ओळीत राहतो. तेच शहाणपणाचं होतं, असं आम्हाला वाटतं. अर्थात एटीमेगा ८ या एव्हीआर चिपमध्ये फक्त १ मेगाहर्ट्‌झचा आकडा आपोआप चढायचा, बाकीचे हातानं उतरवावे लागत.

हरवलेला आकडा पुन्हा काढायला, अशी चिप बसवलेल्या वावरातल्या मोटर स्टार्टरच्या पेटीत माप आधीच असतं: फेज तपासायला आत घेतलेली ५० हर्ट्‌झची लाइन. एक फेरा म्हणजे २०,००० मायक्रोसेकंद. चिपच्या घड्याळानं तो फेरा मोजून तेवढी मोजणी येईपर्यंत ऑसकॅल वर-खाली करायचा. २००२-०३मध्ये फ्रिक्वेन्सीशी जोडलेले वीजदर येण्याआधी ग्रिडची फ्रिक्वेन्सी ४८ हर्ट्‌झच्या आसपासही उतरायची, तेव्हा हा उपाय फसला असता. आता ४९.९० ते ५०.०५चा पट्टा ठरलेला आहे. ४९.९० धरलं तरी चूक ०.२ टक्के, सिरियलला प्रत्येक बाजूनं साधारण २ टक्के चालतात. लाइन नसली तर जुळवणी होत नाही, पण तेव्हा पंपही बंदच असतो.

कारखान्याचा आकडा २५ अंशांवर घेतलेला असतो. मे महिन्यात चंद्रपूरकडं सावलीतच पारा ४५च्या वर जातो आणि पेटी तर पत्र्याची. म्हणून जुळवणी एकदा करून भागत नाही, थ्री फेज आली की दर वेळी नव्यानं करावी लागते.