पाइपातला पिंपळ आणि तांबूस पंधरवडा

आमच्या इमारतीच्या मागच्या बाजूला, दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर, सांडपाण्याच्या पाइपाच्या सांध्यात एक पिंपळ उगवलाय. वीतभर उंची, सात-आठ पानं. पाइप तिथे थोडा गळतो, त्यामुळे त्याचं बरं चाललंय. मार्चमध्ये सेक्रेटरींनी सोसायटीच्या ग्रुपवर त्याचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'भिंत फुटायच्या आत प्लंबरकडून काढून घेतो.' पुढचे दोन दिवस ग्रुपवर दुसरा विषय नव्हता. एका काकूंचं म्हणणं, पिंपळ उपटू नये, घराला लागतं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना मुंजा आठवला. तरुण मंडळी मुंजाला हसली आणि त्यांनी एक फॉरवर्ड टाकला: पिंपळ रात्रीसुद्धा ऑक्सिजन देतो, हे म्हणे विज्ञानाने सिद्ध झालंय.

म्हणजे पूर्वी मुंजा होता, आता ऑक्सिजन आला. फरक एवढाच, की दुसऱ्याला विज्ञानाचा सदरा घातलाय.

तो आधी उतरवू. झाडातून बाहेर पडणारा ऑक्सिजन पाण्याच्या रेणूतून येतो आणि पाण्याचा रेणू फोडायला प्रकाश लागतो. रात्री प्रकाश नाही, म्हणून पाणी फुटत नाही, म्हणून ऑक्सिजन नाही. निवडुंग, अननस अशा काही वनस्पती रात्री पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रं, उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि दिवसासाठी साठवून ठेवतात. या माहितीचं कुठेतरी 'रात्री ऑक्सिजन' झालं असावं. पण ऑक्सिजन त्याही दिवसाच सोडतात. रात्री प्रत्येक झाड आपल्यासारखाच श्वास घेतं, पिंपळही. मुंजाचं म्हणाल, तर पिंपळाच्या पानाचा देठ लांब, बारीक आणि लवचीक असतो. आपल्याला जाणवणारही नाही एवढ्या झुळकीने पान हलतं आणि शेजारच्या पानावर आपटतं. रात्री रस्ता शांत झाला की ती सळसळ ऐकू येते.

पण मी त्या फोटोत अडकलो ते वेगळ्याच गोष्टीमुळे. शेंड्याची दोन पानं तांब्याच्या भांड्यासारखी चकाकत होती, बाकीची साधी हिरवी. त्या दिवसापासून रोज सकाळी चहाचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीत उभा राहतो. ऑफिसला जायच्या आधीची ती तीन मिनिटं सध्या माझ्या दिवसातली सगळ्यात चांगली मिनिटं आहेत.

पुण्यात वसंत असा नसतोच, थंडी संपली की थेट उन्हाळा, असं आपण सगळेच म्हणतो. थर्मामीटरकडे बघितलं तर खरंही आहे. पण झाडांकडे बघितलं तर फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत रस्त्यावर रोज काहीतरी चाललेलं असतं. टेकडीवर पळस, पांगारा आणि काटेसावर पानांशिवाय फुलतात. कडुनिंबाखाली लावलेल्या स्कूटरच्या सीटवर पांढरी बारीक फुलं पडलेली असतात. पहाटे साडेचारला कोकीळ सुरू होतो (ओरडतो तो काळा नर, ठिपक्यांची मादी नुसती किककिक करते). हाच पक्षी पिंपळाची फळं खातो आणि बिया नको तिथे टाकतो. आमच्या पाइपातला पिंपळ अशाच कुणाची तरी देणगी असणार. आणि रस्त्यावरचे मोठे पिंपळ या दिवसांत आधी सगळी पानं टाकतात, आठ-पंधरा दिवस नागडे उभे राहतात आणि मग तांबूस होतात. एकाच चौकातले दोन पिंपळ एकाच दिवशी तांबूस होतील असं मात्र नाही. आमच्या बसस्टॉपजवळचा दर वर्षी समोरच्याच्या दहा दिवस तरी मागे असतो.

इथे पहिला प्रश्न. पाऊस जूनमध्ये येणार, मग झाड नवी पानं मार्चच्या उन्हात का काढतं? पाणी कुठून आणतं?

याचं उत्तर पानगळीतच आहे. पान म्हणजे पाणी बाहेर जायचं दार. जुनं, झिजलेलं पान पर्णरंध्रं नीट मिटू शकत नाही आणि पाणी घालवत राहतं. पानं गळाली की दार बंद होतं, पण खोलवरची मुळं पाणी ओढतच राहतात. जमिनीत ओल शिल्लक असेल तर खोडाची टाकी काही दिवसांत पुन्हा भरते. सावर आणि पांगाऱ्याचं लाकूड हलकं, पोकळीदार असतं. त्यात पाण्याचा मोठा साठा राहतो, म्हणून त्यांना पानांआधी फुलांची चैन परवडते. रॉल्फ बोर्शर्ट या वनस्पतिशास्त्रज्ञाने कोस्टा रिकाच्या कोरड्या जंगलात वर्षानुवर्षं हे मोजलं. पुढे २००६ साली स्टीफन एलियट, पॅट्रिक बेकर आणि बोर्शर्ट यांनी आशियातल्या मोसमी जंगलांबद्दल मांडलं, की कळ्या उघडण्याचा इशारा पाऊस देत नाही, लांबत जाणारा दिवस देतो. पुण्यात सगळ्यात लहान दिवस साधारण ११ तासांचा आणि सगळ्यात मोठा सव्वातेरा तासांचा. हा बदल सगळ्यात वेगाने होतो तो विषुवदिनाच्या, म्हणजे २०-२१ मार्चच्या आसपास. तेव्हा दिवस रोज साधारण मिनिटभराने वाढतो. एक मिनिट आपल्याला कळत नाही. झाडाला कळतं.

आणि म्हणूनच 'पाडव्याच्याच दिवशी निसर्ग नवं वर्ष सुरू करतो' हा दुसरा लाडका फॉरवर्डही टिकत नाही. पाडवा २०२४ साली ९ एप्रिलला होता, २०२५ साली ३० मार्चला, २०२६ साली १९ मार्चला. पिंपळ काही अधिक महिना पाळत नाही. पाडव्याला कडुनिंबाची कोवळी पानं गूळ-हिंग घालून खायची पद्धत मला आवडते, कारण पाडवा या पालवीच्या हंगामातच कुठेतरी पडतो. इतकं पुरेसं आहे, त्याला खगोलशास्त्र चिकटवायची गरज नाही.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. पान वाढतं म्हणजे नेमकं काय होतं?

या दिवसांत गच्चीवर पापड लाटायला बसलेल्या कुणाकडेही बघा. लाटी मऊ असते तोवरच लाटता येते. एकदा वाळली की तो पापड सूतभरही मोठा होत नाही, ओढला तर मोडतो. पानाचं अगदी हेच आहे. पानातल्या पेशींची संख्या बरीचशी सुरुवातीलाच ठरून गेलेली असते; उघडल्यानंतर पान मोठं होतं ते मुख्यतः पेशी फुगल्यामुळे. प्रत्येक पेशीभोवती सेल्युलोजची भिंत असते आणि आत पाणी दाबाने भरलेलं असतं. गाडीच्या टायरमध्ये आपण ३०-३५ पीएसआय हवा भरतो. कोवळ्या पेशीतला दाब त्याच्या दुप्पट सहज असतो. तरी पेशी फुटत नाही, कारण सेल्युलोजचे धागे पोलादी तारांसारखे चिवट असतात आणि दुसऱ्या काही शर्करा-साखळ्यांनी एकमेकांशी बांधलेले असतात.

मग एवढी घट्ट भिंत ताणली कशी जाते? पेशी आपल्या पटलावरच्या पंपांनी प्रोटॉन बाहेर, भिंतीत ढकलते. भिंत आंबट होते, तिथला सामू (पीएच) साडेचार-पाचाच्या आसपास उतरतो. या आंबटपणात एक्सपान्सिन नावाची प्रथिनं कामाला लागतात. १९९२ साली अमेरिकेत डॅनियल कॉसग्रोव्ह यांच्या प्रयोगशाळेत ती काकडीच्या कोवळ्या रोपांत सापडली. एक्सपान्सिन धागे कापत नाही. धागा आणि साखळी यांच्यात हायड्रोजन बंधांची जी पकड असते, ती क्षणभर सैल करतं. आतून दाब आहेच. धागे एकमेकांवरून किंचित सरकतात, पकड पुन्हा बसते, पुढे पुन्हा सुटते. दाब कमी झाला तर आत क्षार ओढून पाणी आणलं जातं. हे चालू असताना भिंतीत लिग्निन, म्हणजे लाकडाला कडक करणारं द्रव्य, भरणं, साखळ्यांना आडवे टाके घालणं, म्हणजे भिंत पक्की करणारं सगळं काम थांबवून ठेवावं लागतं. वाढ आणि कडकपणा एका वेळी जमत नाही. (प्रोटॉनपाशी माझे वाचक हरवले असतील, तर हरकत नाही. पापडाची लाटी लक्षात ठेवा.)

पाइपातली ती दोन पानं पहिल्या दिवशी अंगठ्याच्या नखाएवढी होती, गुलाबी टोपणातून नुकती सुटलेली. आठवड्याभरात माझ्या तळहाताएवढी झाली, पण लोंबती, ओल्या रुमालासारखी. आंब्याची आणि सीता अशोकाची नवी पानं तर याहून लुळी असतात. रोपाला पाणी कमी पडलं असं बघणाऱ्याला वाटतं. पाणी भरपूर आहे, कणा अजून भरलेला नाही.

आणि नेमके हेच दिवस धोक्याचे. मऊ पान म्हणजे अळीसाठी लोणी. पनामातल्या बॅरो कोलोराडो बेटावर फिलिस कोली यांनी वर्षानुवर्षं पानांवरची भोकं मोजली. तिथल्या बऱ्याच झाडांत पानाचं आयुष्यभरात जेवढं नुकसान होतं, त्यातलं निम्म्याहून बरंच अधिक या कोवळ्या दिवसांतच होऊन जातं. पान वर्षभर जगलं तरी संकट पहिल्या काही आठवड्यांत. त्याहून जवळचा पुरावा आपल्याकडचाच आहे. मुदुमलाईच्या जंगलात के. एस. मुरली आणि रामन सुकुमार यांना १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की पावसाआधी, कोरड्या दिवसांत पालवी फोडणाऱ्या झाडांना किड्यांचा त्रास कमी होतो. पावसात फोडणाऱ्यांना जास्त. अळ्यांची झुंबड पहिल्या सरींनंतर उडते. तोवर मार्चमधलं पान कडक होऊन बसलेलं असतं. मार्चच्या उन्हात पान काढणं हा मूर्खपणा वाटला होता, तो इथे हिशेबात बसतो.

आता रंग. तांबूसपणा अँथोसायनिनचा. जांभळाचा, लाल कोबीचा रंगही याच कुळातला. जांभळाचा डाग साबण लावल्यावर निळा पडतो, तो याच्याच करामतीने. हे द्रव्य पेशीतल्या पाण्याच्या पिशवीत विरघळलेलं असतं आणि मुख्यतः हिरवा प्रकाश शोषतं. ते तिथे का असतं, यावर एकमत नाही. एक मत असं, की ही छत्री आहे. कोवळ्या पानात हरितद्रव्य थोडं आलेलं असतं, पण पुढची यंत्रणा अजून बसायची असते. प्रकाश मात्र पूर्ण पडतो. पकडलेली ऊर्जा वापरता आली नाही, तर ती ऑक्सिजनला जाऊन चिकटते आणि पेशी जाळणारा उग्र ऑक्सिजन तयार होतो. अँथोसायनिन थोडा प्रकाश वरच्या वर अडवतं. लोंबणंही इथे कामाला येतं, दुपारचं ऊन उभ्या पानावर तिरकं पडतं. दुसरं मत असं, की हे द्रव्य पानाला बुरशीपासून वाचवतं: कोली आणि मिचेल एड यांच्या १९८९ च्या प्रयोगात पानं कापून नेणाऱ्या मुंग्या जास्त अँथोसायनिन असलेली पानं टाळत होत्या, आणि या मुंग्या पानांवर बुरशीच पिकवतात. तिसरं मत असं, की अनेक किड्यांना लाल रंग दिसतच नाही. त्यांच्या लेखी हे पान काळपट, मेलेलं.

मला स्वतःला आवडतं ते चौथं. हरितद्रव्याभोवतीची यंत्रणा प्रथिनांची, आणि प्रथिनांना नायट्रोजन लागतो, जो झाडाला महाग पडतो. पान खाल्लं जायची शक्यता जास्त असताना त्यात एवढं भांडवल कशाला घाला? आधी मोठं व्हा, कडक व्हा, मग हिरवे व्हा. तिजोरीला दार बसल्याशिवाय दागिने ठेवत नाहीत, तसं. कित्येक झाडं असा उशीर करतात, काही तर अगदी फिक्या, जवळजवळ पांढऱ्या पानांनी. वर्षावृक्ष मात्र सरळ पोपटी पालवी काढतो आणि त्याचंही बरं चाललेलं असतं, त्यामुळे एकच उत्तर सगळ्यांना लावू नये. तांबूसपणा बघायचाच असेल तर मार्चमध्ये घाटात जाऊन कुसुंब बघावा. अख्खं झाड लाल पेटलेलं असतं आणि लांबून फुलंच वाटतात.

ग्रुपवर मी यातलं काही लिहिलं नाही. सेक्रेटरींना खाली भेटून एवढंच म्हटलं, भिंत फुटेल हे तुमचं बरोबर आहे, पिंपळाची मुळं खरोखर भिंत फोडतात, पण पंधरा दिवस थांबा. त्यांनी का म्हणून विचारलं. पानं अजून लाल आहेत म्हटलं. त्यांनी माझ्याकडे जरा बघितलं, मग म्हणाले, "प्लंबर तसाही पुढच्या आठवड्यातच येणारे."

आज अकरावा दिवस. शिरांच्या दोन्ही बाजूंनी हिरवं भरायला लागलंय, कडा अजून तांबूस आहेत. सकाळी खिडकीतून झाडूच्या टोकाने एक पान हळूच टोचून बघितलं. काल ते नुसतं बाजूला झालं होतं. आज टक् असा आवाज आला.