पार्श्वभूमी : गोव्यातला ॲनिमिया आणि बोटातल्या रक्ताचा थेंब

गोव्यातल्या महिला आणि लहान मुलांच्या ॲनिमियाचा विषय निघाला की दोन सर्वेक्षणांतली तफावत हमखास पुढे येते. २०१५-१६ च्या चौथ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या २६.७ टक्के गर्भवतींचं हिमोग्लोबिन कमी आढळलं होतं. पाचव्या फेरीत हा आकडा ४१ टक्क्यांवर गेला. १५ ते ४९ वयाच्या सगळ्या महिलांमध्ये ३१.३ वरून ३९ आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये ४८.३ वरून ५३.२. यात लॉकडाऊनचा संबंध नाही. गोव्याचा समावेश पाचव्या फेरीच्या पहिल्या टप्प्यात होता आणि तो टप्पा जानेवारी २०२० अखेर संपला होता. मग ही वाढ आली कुठून, यावर भरपूर बोललं गेलं. ती मोजली कशी गेली, याकडे मात्र फारसं कोणी वळलं नाही.

मोजणीचा जुना इतिहास गोव्यापुरता थोडक्यात आटोपतो. देशात पोषणाची नियमित पाहणी १९७२ पासून दहा राज्यांत सुरू झाली. महाराष्ट्र आणि कर्नाटक त्यात होते. गोवा, दमण व दीव हा तेव्हाचा केंद्रशासित प्रदेश त्यात नव्हता. उपाय मात्र आधीच ठरले होते. लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या व मुलांना सहा-सहा महिन्यांनी अ जीवनसत्त्वाचा डोस, हे दोन्ही राष्ट्रीय कार्यक्रम १९७० चे. अंगणवाडीची योजना १९७५ ची. दवाखान्यात निदान व्हायचं ते पापणी खाली ओढून, किंवा साहलीच्या नळीत रक्तावर आम्ल घालून आलेला रंग डोळ्यांनी जुळवून. अ जीवनसत्त्वाची कमतरता कळायची ती मुलाला संध्याकाळनंतर दिसेनासं झालं किंवा डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसासारखे डाग आले, तर. तोवर कमतरता बरीच पुढे गेलेली असायची.

गोव्याची खरी मालिका सुरू होते राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या १९९८-९९ च्या दुसऱ्या फेरीपासून. सर्वेक्षक घरी येऊन बोटाला टोचायचे, पहिला थेंब पुसून पुढचा एका चिमुकल्या प्लास्टिकच्या पट्टीत घ्यायचे आणि हातातलं यंत्र मिनिटभरात आकडा दाखवायचं. त्या वर्षी गोव्यातल्या विवाहित महिलांमध्ये ॲनिमियाचं प्रमाण ३६.४ टक्के निघालं. २००५-०६ मध्ये अविवाहित महिलाही मोजणीत आल्या आणि आकडा ३८ झाला. पुढे ३१.३, आणि मग ३९. हे चारही आकडे शेजारी ठेवले की ‘गोव्यात ॲनिमिया वाढला’ हे वाक्य डळमळू लागतं. चारपैकी तीन फेऱ्या ३६ ते ३९ च्या पट्ट्यात आहेत. वेगळी पडते ती २०१५-१६ ची, म्हणजे सर्वेक्षणाची चौथी फेरी. वीस वर्षांत काही फारसं हललंच नाही, मधली एक फेरी खाली घसरली आणि पुढची पुन्हा जागेवर आली, असं वाचन जास्त पटण्यासारखं आहे. सरकारी गोळ्यांच्या दृष्टीने ते वाढीइतकंच चिंताजनक आहे, पण त्याचा अर्थ निराळा आहे.

गर्भवतींच्या आकड्याबद्दल तर आणखी सावध राहायला हवं. पाचव्या फेरीत गोव्यातून सुमारे १,८५० कुटुंबं आणि दोन हजारांवर महिला घेतल्या होत्या. राज्याचा एकूण जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, त्याच फेरीत १.३ निघाला. साधा हिशेब मांडला तर कोणत्याही एका दिवशी त्या दोन हजारांत गर्भवती भरतात पन्नासच्या आसपास. म्हणजे एकेक बाई दोन टक्क्यांची. सात जणींचं हिमोग्लोबिन रेषेच्या या बाजूऐवजी त्या बाजूला गेलं की २६.७ चे ४१ होतात. एवढ्या छोट्या गटात दहा-पंधरा टक्क्यांचा फरक निव्वळ निवडीच्या योगायोगानेही पडू शकतो. मोठ्या राज्यांत हा प्रश्न उद्भवत नाही. गोव्यात तो प्रत्येक फेरीत उद्भवतो, आणि बातमीचा मथळा मात्र दोन्हीकडे सारखाच असतो. सत्तरी, सांगे, काणकोणच्या वाड्यांवरची बाई आणि पणजीतली बाई यांची सरासरी एकच निघते, हा त्याचा दुसरा तोटा. तालुक्याचं काही सांगण्याइतका नमुना या सर्वेक्षणात कधीच नव्हता.

आता वादाचा मुद्दा. २०२३-२४ च्या सहाव्या फेरीतून हिमोग्लोबिनची तपासणी काढून टाकण्यात आली. बोटातल्या थेंबावर भरवसा नाही, यापुढे शिरेतून घेतलेल्या रक्तावर आणि आहाराच्या नोंदींवर आधारलेली स्वतंत्र पाहणी हैदराबादची पोषण संस्था करील, असं ठरलं. निर्णयाच्या वेळी देशाचे आकडे चढलेले होते : महिलांमध्ये ५३ वरून ५७ टक्के, मुलांमध्ये ५८.६ वरून ६७.१. साहजिकच आकडे गैरसोयीचे झाले म्हणून चाचणीच काढली, असा आरोप झाला.

चाचणीवरचे आक्षेप मात्र खरे आहेत. थेंब नीट येत नाही म्हणून बोट दाबलं की पेशींभोवतालचं पाणी रक्तात मिसळतं आणि हिमोग्लोबिन आहे त्यापेक्षा कमी दिसतं. स्पिरिट वाळण्याआधी टोचलं तरी तेच. त्या पट्ट्यांची डबी दमट हवेत उघडी राहिली तर वाचन बिघडतं, आणि आपल्याकडे पावसात पापडसुद्धा डब्यात कुरकुरीत राहत नाही. मुलांच्या बाबतीत तुलना हाताशी आहे. २०१६-१८ मध्ये शून्य ते १९ वयोगटाची एक मोठी राष्ट्रीय पोषण पाहणी झाली. तिच्यात रक्त शिरेतून घेतलं होतं आणि एक ते चार वर्षांच्या ४१ टक्के मुलांना ॲनिमिया आढळला. बोटाच्या थेंबावरून जवळपास त्याच काळात ५८.६ टक्के निघाला होता. दुसऱ्या आकड्यात सहा ते अकरा महिन्यांची बाळं धरलेली आहेत आणि त्या वयात प्रमाण जास्तच असतं, हे खरं. तरीही सगळी तफावत तेवढ्याने भरून निघत नाही.

म्हणजे शास्त्र निर्णयाच्या बाजूने आहे. चूक झाली ती बदल करण्याच्या पद्धतीत. सहाव्या फेरीत निदान काही घरांत एकाच बाईचं रक्त बोटातून आणि शिरेतून, दोन्हीकडून घेता आलं असतं. किती टक्के कमी-जास्त धरायचे हे कळलं असतं आणि मागच्या चार फेऱ्या दुरुस्त करून वाचता आल्या असत्या. ते झालं नाही. आता नव्या पाहणीत गोव्याचा आकडा कमी आला, तर पोषण सुधारलं की सुई बदलली, हे सांगायला कोणताही आधार उरणार नाही. शिवाय जुन्या सर्वेक्षणात त्याच बाईचं शिक्षण, बाळंतपणं, घरातली चूल आणि पाणी हे सगळं तिच्या हिमोग्लोबिनच्या शेजारी नोंदलेलं असायचं. ती सांगड तुटली.

याच सुमाराला ॲनिमिया ठरवणारी रेषाही हलली. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी डेसिलिटरला ११ ग्रॅम ही मर्यादा १९६८ ची. आपल्या मुलांसाठी ती जास्त आहे, असं भारतातल्या काही संशोधकांनी २०२१ मध्ये २०१६-१८ च्याच पाहणीतल्या निरोगी मुलांच्या आधारे मांडलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात सहा ते तेवीस महिन्यांच्या बाळांसाठी आणि गर्भारपणाच्या मधल्या तिमाहीसाठी ती १०.५ वर आली. मूल तेच, रक्त तेच, आणि निदान निराळं.

२०१६-१८ च्या पाहणीचं मोठं काम वेगळंच होतं. ॲनिमिया म्हणजे लोहाची कमतरता, हे समीकरण तिने सैल केलं. एक ते चार वयाच्या ३२ टक्के मुलांत लोह कमी होतं, १९ टक्क्यांत जस्त, १८ टक्क्यांत अ जीवनसत्त्व, २३ टक्क्यांत फोलेट आणि १४ टक्क्यांत बी-१२. हे आकडे देशाचे आहेत. ही मोजणी कष्टाची असते. अंगात ताप किंवा जंतुसंसर्ग असला की फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन) फुगतं आणि रेटिनॉल (रक्तातलं अ जीवनसत्त्व) उतरतं, म्हणून शरीरातला दाह दाखवणारी आणखी एक चाचणी जोडावी लागते. जस्तासाठी नळीसुद्धा खास लागते, नाहीतर नळीतलंच जस्त मोजलं जातं. एवढी काळजी घेऊन केलेल्या पाहणीत वयोगट १९ वर संपला. त्याच मुलांच्या आया दारात उभ्या होत्या, त्यांचं रक्त कोणी घेतलं नाही. जस्त आणि बी-१२ बाबत गोव्यातल्या महिलांविषयी आपण जे बोलतो, ते मासे खाणारा समाज म्हणून केलेले तर्क आहेत. महिन्याकाठी ताजी मासळी किती घरांना परवडते आणि वाढताना घरातल्या सुनेच्या ताटात किती उरते, हे त्या तर्कात येत नाही.

आयोडीनची गोष्ट छोटी आहे. तिथे माणसाऐवजी मीठच तपासलं गेलं : चिमूटभर मिठावर द्रावणाचा थेंब, रंग निळा-जांभळा झाला की आयोडीन आहे. आयोडीन नसलेलं मीठ खाण्यासाठी विकण्यावरची देशभरची बंदी २००० मध्ये उठली आणि २००६ मध्ये परत आली. पेडणे, तिसवाडीतल्या मिठागरांचं जाडं मीठ लोणच्याला, खारवलेल्या तोरांना (कैऱ्यांना), सुक्या मासळीला वापरलं जातं. घरात दोन बरण्या असतात आणि तपासली जाते ती पुढे केलेली बरणी.

धोरण मोजणीसाठी थांबलेलं नाही. २०२१ च्या स्वातंत्र्यदिनी घोषणा झाली आणि रेशनचा तांदूळ लोह, फॉलिक ॲसिड व बी-१२ घालून मिळू लागला. किलोमागे २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह, असं प्रमाण ठरलेलं आहे. हा तांदूळ सुरू होण्याआधी गोव्यातल्या महिलांत लोह आणि बी-१२ किती होतं हे मोजून ठेवलं असतं, तर पाच वर्षांनी फरक दाखवता आला असता.

गोव्याकडे एक साठा मात्र आहे. पाचव्या फेरीनुसार राज्यातली ९९ टक्क्यांहून अधिक बाळंतपणं दवाखान्यात होतात. आरोग्य केंद्रापासून बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत गर्भवतीचं रक्त नेहमीच्या तपासणीत शिरेतून घेतलं जातं आणि हिमोग्लोबिन तिच्या कार्डावर लिहिलं जातं. सर्वेक्षणातल्या पन्नास जणींच्या जागी त्या नोंदींत वर्षाला हजारो जणी आहेत, त्याही तालुकावार. कार्डांवरचे हे आकडे, नावं वगळून, दरवर्षी एकत्र जाहीर करायला नव्या सर्वेक्षणाची गरज नाही. त्याच नमुन्यातून दर काही महिन्यांनी थोड्या जणींचं फेरिटिन आणि बी-१२ तपासलं, तर महिलांची राहून गेलेली मोजणीही सुरू होईल.