विकत घेण्याआधी ऑपरेटिंग सिस्टीम चालवून पाहताना

विंडोज १० चा नियमित आधार, म्हणजे नियमित सुरक्षा सुधारणा मिळणे, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि ठाणे-नवी मुंबईतल्या अनेक घरांत, शिकवणी वर्गांत आणि लहान कार्यालयांत चांगल्या चालणाऱ्या संगणकांचे पुढे काय करायचे, हा प्रश्न उभा राहिला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा, किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि तुलनेने अलीकडचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे जुन्या यंत्रांच्या मालकांपुढे नवा संगणक घेणे किंवा लिनक्स या विनामूल्य ऑपरेटिंग सिस्टीमकडे वळणे हे दोनच मार्ग बहुतेक वेळा उरतात. कोणताही मार्ग निवडला तरी पैसे मोजण्याआधी नवी प्रणाली स्वतः चालवून पाहता येते.

हे शक्य होते ते संगणक सुरू होण्याच्या पद्धतीमुळे. बटण दाबल्यावर मदरबोर्डवरील यूईएफआय ही मूळ आज्ञावली जागी होते, ती एखाद्या साठवण साधनावरील बूटलोडर हा प्रणाली सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम शोधते आणि तो ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, रॅम या तात्पुरत्या स्मृतीत आणून ठेवतो. हे साधन आतली एसएसडी आहे की बाहेरून लावलेला पेनड्राइव्ह, याने यूईएफआयला काही फरक पडत नाही. लिनक्सच्या ‘लाइव्ह’ पेनड्राइव्हवर संपूर्ण प्रणाली दाबून बसवलेल्या, केवळ वाचता येणाऱ्या फाइलच्या रूपात असते. आपण केलेले बदल रॅममधल्या वेगळ्या थरात लिहिले जातात आणि नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवावा तसे हे दोन थर मिळून आपल्याला एकच प्रणाली दिसते. संगणक बंद केला की वरचा थर नाहीसा होतो, आणि आपण स्वतः प्रणाली बसवण्याचा आदेश दिला नाही किंवा आतली डिस्क उघडून तिच्यावर काही लिहिले नाही, तर तिथली माहिती जशीच्या तशी राहते. जर्मनीच्या क्लाउस क्नोपर यांनी २००० मध्ये आणलेल्या क्नॉपिक्स या लिनक्सच्या आवृत्तीने ही पद्धत सीडीवरून लोकप्रिय केली.

दुसरा मार्ग आभासी यंत्राचा आहे. व्हर्च्युअलबॉक्ससारखा प्रोग्रॅम चालू विंडोजच्या आतच एक काल्पनिक संगणक उभा करतो. मेनू कसे आहेत, फाइली कुठे ठेवायच्या, एखादा प्रोग्रॅम चालतो का, हे पाहण्यासाठी ही सोय उत्तम आहे. परंतु आतल्या प्रणालीला दिसणारे ग्राफिक्स कार्ड आणि नेटवर्क कार्ड हे सहसा नकली असल्याने आपल्या लॅपटॉपचे वाय-फाय चालेल का, याचे उत्तर तिथे मिळत नाही. म्हणूनच खरेदीचा निर्णय घेताना मी लाइव्ह पेनड्राइव्हलाच अधिक महत्त्व देतो. मात्र वेगाचा निवाडा त्यावरून करू नये, कारण पेनड्राइव्ह एसएसडीपेक्षा बराच संथ असतो.

चाचणी आपल्या रोजच्या कामाची असावी. वाय-फाय आणि ब्लूटूथ जोडावे, प्रिंटरवर एक पान छापावे, व्हिडिओ कॉल करून माइक तपासावा, आणि लॅपटॉपचे झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर यंत्र नीट जागे होते का, हे आवर्जून पाहावे. जुन्या लॅपटॉपवर अडचण येते ती बरेचदा इथेच. त्यानंतर इनस्क्रिप्ट हा देवनागरी कळफलक निवडून ‘दुसऱ्या’, ‘ॲप’, ‘लक्ष्मी’ असे शब्द टंकून पाहावेत. यातले ‘ॲ’ हे अक्षर युनिकोड या सर्व लिप्यांसाठीच्या सामायिक संकेतप्रणालीत २००८ साली समाविष्ट झाले, त्यामुळे एखाद्या जुन्या फाँटमध्ये त्याच्या जागी रिकामा चौकोन दिसू शकतो. नौपाड्यातल्या एखाद्या छपाई व्यावसायिकाची अडचण याहून मोठी असते: युनिकोडपूर्व फाँटमध्ये जुळवलेल्या त्याच्या जुन्या पत्रिका आणि अहवाल नव्या प्रणालीत तो फाँट नसेल तर निरर्थक रोमन अक्षरांसारखे दिसतात. अशा दोन-तीन फाइली वेगळ्या पेनड्राइव्हवर घेऊन तपासाव्यात.

वाशीत किंवा ठाणे स्टेशनच्या परिसरात वापरलेला लॅपटॉप घेणाऱ्यांनी दुकानदाराची परवानगी घेऊन तिथेच ही चाचणी करावी. स्वतःच्या विंडोज लॅपटॉपवर ती करण्यापूर्वी मात्र बिटलॉकर या विंडोजच्या डिस्क सांकेतिक करणाऱ्या सुविधेची रिकव्हरी की हाताशी ठेवावी. डिस्क सांकेतिक स्वरूपात असेल आणि बूट किंवा सिक्युअर बूटच्या (फक्त विश्वासार्ह प्रणाली सुरू होऊ देणाऱ्या सुविधेच्या) सेटिंगमध्ये बदल झाला, तर पुढच्या वेळी विंडोज ती ४८ अंकी की मागू शकते आणि तिच्याशिवाय आतल्या फाइली उघडता येत नाहीत.