स्कॉचचं वर्णन खरं, मार्क मात्र कच्चे

स्कॉच व्हिस्कीबद्दल कुठेही वाचायला घ्या, दोन गोष्टी हमखास सापडतात. एक म्हणजे वर्णन: व्हॅनिला, खोबरं, पिकलेलं केळं, मागून हळूच लवंग आणि गिळल्यावर लांबपर्यंत धूर वगैरे वगैरे. दुसरा म्हणजे आकडा, शंभरपैकी ८७, ९१, कधी कधी साडेत्र्याण्णव (अर्धा मार्क! बोर्डात आम्हाला कुणी दिला नाही कधी). लोक काय करतात, वर्णन वाचून हसतात आणि आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतात. वाईन शॉपच्या काउंटरवर उभं राहून फोनवर मार्क बघून आठ-दहा हजारांची बाटली उचलणारे माझ्याच ओळखीत आहेत. मला विचाराल तर हे बरोब्बर उलटं पाहिजे. वर्णनातलं बरंचसं केमिस्ट्रीत सापडतं, आकडा मात्र त्याच माणसाच्या हातून दुसऱ्या दिवशी वेगळा पडतो.

आधी वर्णनाकडे येऊ. बाटलीत ४० टक्के किंवा त्याहून जास्त अल्कोहोल, बाकी जवळपास सगळं पाणी, आणि आपण ज्याला वास-चव म्हणतो ते सगळं मिळून एक टक्क्याच्याही आत. पण त्या एक टक्क्यात शेकडो रेणू असतात. केळ्याचा वास येतो म्हणणारा फेकत नसतो, कारण केळ्यात जो आयसोअमाईल अॅसिटेट नावाचा रेणू असतो तोच यीस्ट बार्लीचा रस आंबवताना तयार करतं. लवंगेचंही तसंच, लवंगेतला युजेनॉल ओकच्या लाकडातही असतो आणि पिंपात वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या दारूत उतरतो. व्हॅनिलाचा वास देणारं व्हॅनिलिन हे ओकमधलं लिग्निन तापवल्यावर फुटून निघतं. आणि खोबरं? त्या रेणूचं नावच व्हिस्की लॅक्टोन, अमेरिकन ओकमध्ये तो भरपूर. आता स्कॉटलंडमध्ये अमेरिकन ओक कुठून आला, तर अमेरिकेत बोर्बन या तिथल्या व्हिस्कीसाठी नवीकोरी, आतून जाळलेली पिंपंच वापरायची असा कायदा आहे, म्हणजे एकदा वापरलेलं पिंप त्यांना बोर्बनसाठी परत चालत नाही, ती २०० लिटरची पिंपं मग स्कॉटलंडवाले घेतात. शेरी नावाची स्पॅनिश वाईन मुरलेलं पिंप असेल तर मनुका, खजूर, खारीक अशा दिशेनं वास जातो.

धुराची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी कारण तिथे आपल्याकडच्या माणसाची खरी परीक्षा होते. स्कॉटलंडच्या पश्चिमेला आयला नावाचं बेट आहे, तिथल्या बऱ्याच डिस्टिलऱ्यांच्या व्हिस्कीत मोड आलेली ओली बार्ली पीटच्या धुरावर वाळवलेली असते. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचून अर्धवट कुजलेला झाडपाला, वाळवला की जळतो. त्या धुरातून फिनॉल, क्रेसॉल, ग्वायकॉल असे रेणू बार्लीच्या टरफलाला चिकटतात आणि शेवटपर्यंत साथ सोडत नाहीत. लाफ्रॉइग किंवा आर्डबेग ही तिथली व्हिस्की पहिल्यांदा नाकाशी धरणारा मराठी माणूस दोनपैकी एक गोष्ट म्हणतो, डेटॉल नाहीतर फिनाईल. आणि गंमत म्हणजे तो अजिबात चुकत नसतो! डेटॉलमधलं क्लोरोझायलेनॉल फिनॉलच्याच कुळातलं, आणि जिने धुवायचं ते काळं फिनाईल कोल टारमधल्या क्रेसॉलसारख्या गोष्टींपासूनच बनतं. ज्याला नाक मुरडून 'हॉस्पिटल' म्हणालो ते एखाद्या ट्रेनिंग घेतलेल्या टेस्टरनं 'मेडिसिनल' म्हणून लिहिलेलं असतं, बस्स इतकाच फरक. या धुराचा आकडा पीपीएममध्ये (दहा लाख भागांत किती भाग) मिरवतात, आर्डबेग ५५ च्या आसपास आणि ऑक्टोमोर नावाच्या व्हिस्कीची एक बाटली तर ३०० च्या वर गेलेली. पण हे पीपीएम माल्टमध्ये, म्हणजे त्या वाळवलेल्या मोड आलेल्या बार्लीत मोजलेलं असतं, बाटलीतल्या दारूत नाही, मधल्या सगळ्या प्रक्रियेत त्यातलं बरंच गळून जातं. म्हणजे ३०० वाली ५५ वालीपेक्षा सहापट धुरकट असं काही नसतं.

बरं, हे सगळं आपण चाखतो म्हणतो पण जिभेचं काम यात फारच थोडं आहे. गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी, संपली जीभ. नाकात मात्र वास ओळखणारे रिसेप्टर चारशेच्या आसपास प्रकारचे. नाक चिमटीत धरून घोट घ्या, थोडं गोड, थोडं कडू आणि जळजळ एवढंच कळेल, मग चिमटी सोडा, घशाच्या मागून हवा नाकात चढते आणि एकदम सगळं प्रकट होतं. यात अजून एक भानगड अशी की या रिसेप्टरांच्या जीन्स माणसागणिक थोड्या थोड्या वेगळ्या असतात, त्यामुळे एकच ग्लास एकाला धुराचा लोट वाटतो आणि शेजारच्याला 'थोडासा आहे' वाटतं, दोघंही खरं बोलत असतात. आता यांच्या मार्कांची सरासरी काढून काय मिळणार सांगा.

जळजळ ही चव पण नाही आणि वास पण नाही. ती टीआरपीव्ही१ नावाच्या रिसेप्टरची करामत, याचं मूळ काम भाजण्याची सूचना देणं. साधारण ४२ डिग्रीच्या वर तो ओरडायला लागतो. अल्कोहोल आलं की त्याची मर्यादा खाली येते, ३४ डिग्रीपर्यंत, म्हणजे आपल्या अंगाची उष्णताच त्याला आग वाटायला लागते. आणि मिरचीतलं कॅप्सेसिन नेमकं याच रिसेप्टरला धरतं! तेव्हा मसाला शेंगदाणे, शेजवान चटणी, तिखट सुकट असा चखणा समोर ठेवून 'ही फार हार्श आहे यार' म्हणणाऱ्यांनी दोष बाटलीला देऊ नये. टेस्टिंग करायचं असेल तर चखणा नंतर.

पाण्याचं पण एकदा मिटवून टाकू. आपल्याकडे नीट पिणारा मर्द आणि पाणी टाकणारा कच्चा असा एक समज आहे. स्कॉटलंडमध्ये ज्यांचं पोट नाकावर चालतं ते ब्लेंडर लोक, म्हणजे वेगवेगळ्या पिंपांतली व्हिस्की मिसळून बाटलीतली चव जुळवणारे, वास घेताना व्हिस्की २० टक्के अल्कोहोलपर्यंत पातळ करतात. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या स्कॉचवर बहुतेक ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे ३० मिलीच्या स्मॉलमध्ये जवळजवळ १७ मिली पाणी, निम्म्याहून जास्त! स्वीडनमधल्या लिनेयस विद्यापीठाच्या ब्यॉर्न कार्लसन आणि रान फ्रीडमन यांनी २०१७ मध्ये कॉम्प्युटर सिम्युलेशन करून बघितलं की पाण्यानं नेमकं होतं काय. धुराचा तो ग्वायकॉल रेणू घेतला आणि पाणी-अल्कोहोलच्या वेगवेगळ्या मिश्रणात सोडला. अल्कोहोल ४५ टक्क्यांपर्यंत असेल तर तो पृष्ठभागाजवळ, हवेच्या सीमेवर राहतो. ५९ टक्क्यांच्या वर गेलं की अल्कोहोलचे रेणू त्याला घेरतात आणि तो आत द्रवात बुडून बसतो. वास यायला रेणू वर हवेत यायला हवा, म्हणून कास्क स्ट्रेंग्थ म्हणून जी पिंपातून पाणी न घालता भरलेली ५८-६० टक्क्यांची मिळते तिच्यात पाणी टाकलं की ती 'उघडते' म्हणतात त्यामागे असं काहीतरी असावं. बर्फ मात्र उलटं करतो, थंड द्रवातून रेणू कमी उडतात. चव दाबायची असेल तर बर्फ उत्तम, आणि कधी कधी दाबायची असतेच.

इथपर्यंत सगळं वर्णनाच्या बाजूनं. आता आकडा का बिघडतो ते बघा.

पहिला गुन्हेगार डोळा. स्कॉचच्या २००९ च्या नियमांप्रमाणे तिच्यात पाणी आणि साधा कॅरामल रंग, तोच तो ई१५०ए, एवढंच घालता येतं. म्हणजे गडद सोनेरी रंग बघून 'किती मुरलीये बघ' म्हणाल तो रंग डब्यातला असू शकतो. आणि रंगानं नाक फसतं याचा पुरावा वाईनमधून आलाय, २००१ साली छापून आलेल्या बोर्दोच्या प्रयोगात वाईनचंच शिक्षण घेणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना व्हाईट वाईनमध्ये वास नसलेला लाल रंग घालून दिली तर त्यांनी तिचं वर्णन रेड वाईनच्या शब्दांत केलं. म्हणूनच काही ठिकाणी टेस्टिंगला निळ्या काचेचे ग्लास देतात, रंग दिसतच नाही.

दुसरी खोली. हा माझा सगळ्यात आवडता प्रयोग आहे. २०१३ साली ऑक्सफर्डच्या चार्ल्स स्पेन्स यांच्या टीमनं लंडनमध्ये सोहोत तीन खोल्या सजवल्या. एकीत जमिनीवर खरी हिरवळ, कापलेल्या गवताचा वास, मेंढ्यांचं बें-बें. दुसरीत लाल उजेड, सगळ्या वस्तू गोल गोल, घंट्यांची किणकिण आणि गोडसर वास. तिसरीत लाकडी भिंती, करकरणारी फळी, लाकडाचा वास. चारशेहून जास्त लोक हातात सिंगलटन नावाच्या स्कॉचचा एकच ग्लास घेऊन तिन्ही खोल्यांतून फिरले आणि प्रत्येक ठिकाणी मार्क लिहीत गेले. ग्लासातली दारू तीच आहे हे त्यांना माहीत होतं, कुणी फसवलेलं नव्हतं. तरी हिरव्या खोलीत ती जास्त गवताळ लागली, लाल खोलीत जास्त गोड, लाकडी खोलीत जास्त लाकडी, आणि आवडली सगळ्यात जास्त ती लाकडी खोलीतच. प्रयोगाला पैसा दारू कंपनीचा होता हे खरं, पण निकाल बघता कंपनीनं स्वतःच्याच धंद्यातल्या मार्कांची हवा काढली असं म्हणायला हरकत नाही, १०-२० टक्क्यांचा फरक नुसत्या खोलीनं. ९१ आणि ८७ मध्ये किती अंतर आहे मोजा.

किमतीचं तर विचारूच नका. २००८ मध्ये कॅलिफोर्नियात २० जणांना एमआरआयमध्ये झोपवून नळीनं वाईन पाजली, तीच वाईन एकदा १० डॉलरची म्हणून आणि एकदा ९० ची म्हणून. महाग सांगितल्यावर लोकांनी जास्त मार्क दिले आणि मेंदूतला सुखाशी जोडलेला भागही खरोखर जास्त पेटला. म्हणजे ते शायनिंग मारत नव्हते, त्यांना सुख जास्त झालंच.

तुम्ही म्हणाल हे सगळे साधे लोक, पंच वेगळे. तर रॉबर्ट हॉजसन नावाच्या माणसानं कॅलिफोर्निया स्टेट फेअरच्या वाईन पंचांना एकाच बाटलीतली वाईन इतर वाईन्समध्ये लपवून तीनदा दिली. साधारण पंचाचे मार्क चार इकडे चार तिकडे हलले, आणि सातत्यानं एकाच मेडलच्या गटात राहणारे निघाले दहातला एक. आणि तो एकसुद्धा पुढच्या वर्षी सर्वसामान्य पंचांसारखाच वागला. वाईन १३-१४ टक्क्यांची असते, ४० टक्के आणि वर असलेल्या दारूत हे सोपं होईल असं समजायला मला तरी काही कारण दिसत नाही.

वय हाही एक आकडाच. कायद्यानं स्कॉच किमान ३ वर्षं ओकच्या पिंपात पाहिजे आणि लेबलवरचं वय आतल्या सगळ्यात तरुण व्हिस्कीचं. पण हा आकडा तिथल्या थंडीतच अर्थपूर्ण आहे, तिथे पिंपातून वर्षाला सुमारे २ टक्के उडून जातं, गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉनची सिंगल माल्ट बनते तिथे ८ टक्क्यांच्या आसपास. २०० लिटरचं पिंप १२ वर्षं ठेवलं तर तिकडे १५७ लिटर उरेल, गोव्यात ७४. त्यामुळे गोव्याची सहा वर्षांची बघून 'अजून लहान आहे' म्हणणं चुकीचं, उष्णतेत लाकूड झपाट्यानं उतरतं.

मग खुद्द धंद्यातले लोक काय करतात? ते शंभरपैकी मार्क देतच नाहीत फारसे. १९७९ मध्ये पेंटलंड्स नावाच्या स्कॉच व्हिस्की संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी वासांचं एक चक्र बनवलं, धूर, फळ, फूल, धान्य, गंधक अशी खाती पाडली म्हणजे दोन माणसं एकाच गोष्टीला एकच शब्द वापरतील. पुढे डेव्हिड विशार्ट या संख्याशास्त्रज्ञानं ८६ डिस्टिलऱ्यांच्या माल्टला १२ गुणांवर ० ते ४ असे आकडे दिले, गोडवा किती, धूर किती, मध किती, मसाला किती. यात चांगली-वाईट नाहीच, नुसती कशासारखी आहे एवढंच. डेटा सायन्स शिकणारी पोरं तो तक्ता आजही क्लस्टरिंगच्या, म्हणजे सारख्या गोष्टींचे गट पाडण्याच्या सरावाला घेतात. आणि ब्लेंडरचा रोजचा प्रश्न तर त्याहून साधा: ही बॅच मागच्या बॅचसारखी आहे की नाही?

हा प्रश्न घरी विचारता येतो. तीन सारखे ग्लास घ्या, दोनात एक व्हिस्की आणि तिसऱ्यात दुसरी, ओतणाऱ्यानं बाहेर जायचं आणि पिणाऱ्यानं वेगळा ग्लास ओळखायचा. नुसत्या अंदाजानं तीनात एकदा बरोबर येणारच, म्हणून सहा फेऱ्या करा. सहापैकी चार किंवा जास्त बरोबर येणं हे निव्वळ नशिबानं १० टक्के वेळा होतं, तेव्हा चारवर उड्या मारू नका. पाच किंवा सहा आले तर नशिबाचा वाटा २ टक्क्यांच्याही खाली येतो, मग मान्य करा की त्याला फरक कळतो. बहुतेकांची गाडी दोन-तीनवर अडते, विशेषतः बारा वर्षांची आणि तिच्या तिप्पट किमतीची अठरा वर्षांची अशी जोडी असेल तर. ग्लासात ५-५ मिलीच ओता, तरी १८ ग्लासांचे ९० मिली होतात म्हणजे दीड लार्ज पेग, आणि चौथ्या फेरीपर्यंत नाक दमतं, तेव्हा तीन फेऱ्या शनिवारी आणि तीन रविवारी. निकाल कागदावर लिहून ठेवा, शनिवारचं रविवारी नीट आठवत नाही.