आठ अक्षरं, सात तुकडे

पावसाळा लागला की मुंबईतल्या लॅबमध्ये प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, मोजून घेणाऱ्यांची रीघ लागते. डेंग्यू, मलेरिया, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) या तिन्हींत प्लेटलेट उतरू शकतात. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमधला आकडा 1.5 लाखाच्या खाली गेला की डॉक्टर म्हणतात, थ्रॉम्बोसायटोपेनिया. घरची माणसं 'पेशी कमी झाल्या' म्हणतात आणि ते बरोबरच आहे. पण दुसऱ्या डॉक्टरांना फोनवर निदान सांगायची वेळ आली की हा शब्द तोंडात अडकतो.

अडकतो, कारण आपण तो लिहिलेल्या अक्षरांवर तोडतो: थ्रॉ-म्बो-सा-य-टो-पे-नि-या, एकूण 8. उच्चारात मात्र 7 तुकडे पडतात: थ्रॉम्-बो-साय-टो-पे-नि-या. 'म्बो' कागदावर एक अक्षर असलं, तरी बोलताना त्यातला म् मागच्या 'थ्रॉ'ला जाऊन चिकटतो. शाळेत वृत्तं शिकताना पाठ केलेला 'जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू' हा नियम यातूनच आला आहे. 'रक्त' म्हणून पाहा: रक्-त. क् चा आघात मागे येतो आणि एरवी लघू असलेला 'र' गुरू होतो. आपल्या छंदशास्त्राने हे किती बारकाईने टिपलं आहे!

शब्दाचे मूळ ग्रीक घटक तीन: थ्रॉम्बो म्हणजे गुठळी, सायटो म्हणजे पेशी, पेनिया म्हणजे उणीव. इथे घटकांचे सांधे आणि उच्चाराचे तुकडे जुळतात. दर वेळी जुळतीलच असं नाही. हेपॅट (यकृत) अधिक आयटिस (दाह), पण आपण म्हणतो हे-पॅ-टाय-टिस. दोन स्वरांमधलं एकटं व्यंजन पुढच्या स्वराकडे जातं.

खरी काळजी घ्यायची ती शेपटाची. थ्रॉम्बोसायटोसिस हा शब्द अगदी उलट अर्थाचा, म्हणजे प्लेटलेट प्रमाणाबाहेर वाढलेल्या. दोन्ही शब्दांचे पहिले 4 तुकडे तेच! इंग्रजीत पहिल्या शब्दाचा जोर पाचव्या तुकड्यावर येतो आणि तो 'पी' असा ऐकू येतो. दुसऱ्याचा जोर 'टो'वर. मुंबईत 'पेनिया'ही सर्रास चालतं, पण ते गिळून चालत नाही.

म्हणून सराव मागून करावा: निया, पेनिया, टोपेनिया, सायटोपेनिया, मग पूर्ण शब्द. फोनवर सांगताना सोबत रिपोर्टमधला आकडा आणि तपासणीची तारीखही सांगावी.