आटे पाडण्यासाठी लेथची जुळणी

फिरत्या जॉबवर (कापायच्या धातूच्या तुकड्यावर) ठरावीक अंतराची मळसूत्री खाच कापली जावी, यासाठी लेथचे, म्हणजे जॉब फिरवत कापणाऱ्या यंत्राचे, गिअर, कापणारे टूल आणि ते सरकवणाऱ्या स्लाइड यांची जी मांडणी करावी लागते, तिला आटे पाडण्याची जुळणी म्हणतात. सोलापुरात या कामाचा संबंध प्रामुख्याने कापडधंद्याशी आला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे कापडगिरण्या उभ्या राहिल्या आणि पुढे चादरी व टॉवेल विणणारे यंत्रमाग शहरभर पसरले. ब्रिटिश घडणीच्या जुन्या यंत्रांचे आटे इंची, बहुधा ५५ अंशांचे (आट्याच्या दोन बाजूंमधला कोन) व्हिटवर्थ असतात, तर नवे बोल्ट व सुटे भाग ६० अंशांचे मेट्रिक असतात. दुरुस्तीच्या कारखान्यात म्हणूनच एकाच लेथवर दोन्ही प्रकारचे आटे पाडण्याची तयारी ठेवावी लागते.

जॉबच्या एका फेऱ्यात कॅरेज (टूल घेऊन जॉबच्या लांबीच्या दिशेने सरकणारा भाग) एका पिचइतकेच, म्हणजे शेजारच्या दोन आट्यांमधल्या अंतराइतकेच, सरकले पाहिजे, हे या जुळणीचे मूळ सूत्र होय. स्पिंडल (जॉब फिरवणारा दांडा) आणि लीड स्क्रू (कॅरेज सरकवणारा लांब स्क्रू) यांच्यामधल्या गिअरांचे गुणोत्तर त्यासाठी ‘पाडायचे पिच भागिले लीड स्क्रूचे पिच’ इतके ठेवतात. लीड स्क्रूवर इंचाला ४ आटे असतील आणि जॉबवर ११ पाडायचे असतील, तर स्पिंडलकडचा चालक गिअर ४० दात्यांचा व लीड स्क्रूकडचा चालित ११० दात्यांचा लागतो. एक इंची पाण्याच्या पाइपाला हेच ११ आटे असतात. याच लेथवर १.५ मिमी पिच हवे असल्यास ३० आणि १२७ दात्यांची जोडी लावतात. एक इंच म्हणजे नेमके २५.४ मिमी, आणि १२७ भागिले ५ केले की हाच आकडा येतो. त्यामुळे १२७ चा गिअर हरवलेल्या इंची लेथवर मेट्रिक आटे केवळ अदमासाने जुळतात. चालक व चालित यांना जोडणारा मधला आयडलर गिअर कितीही दात्यांचा असला तरी गुणोत्तर बदलत नाही. गिअर एकमेकांत घट्ट न रुतवता दात्यांमध्ये पातळ कागदाइतकी फट सोडतात.

टूलचे टोक सेंटरच्या, म्हणजे जॉबच्या अक्षाच्या, उंचीवर असावे लागते, आणि सेंटर गेज (आट्यांच्या कोनाच्या खाचा असलेली पट्टी) लावून ते जॉबच्या अक्षाशी काटकोनात धरावे लागते. येथे चूक झाली तर आटे एका बाजूला कललेले येतात व नट अर्ध्यावर अडकतो. ६० अंशांच्या उजव्या आट्यांसाठी कंपाउंड स्लाइड (टूल धरणारी, कोनात वळवता येणारी वरची स्लाइड) क्रॉस स्लाइडच्या (जॉबच्या अक्षाला आडवी सरकणाऱ्या स्लाइडच्या) दिशेपासून टेलस्टॉककडे, म्हणजे लेथच्या उजव्या टोकाकडे, २९.५ अंश वळवतात, म्हणजे टूलची डावी धारच मुख्यत्वे कापते आणि कीस मोकळा निघतो. काही लेथवर अंशांची खूण बेडच्या (लेथच्या लांब पायाच्या) दिशेपासून मोजलेली असते, त्यामुळे आकडा वाचण्यापूर्वी शून्य कोठे आहे ते पाहणे बरे. १.५ मिमी पिचच्या बाह्य आट्यांची खोली सुमारे ०.९२ मिमी असते. तिरक्या स्लाइडवर मात्र त्यासाठी सुमारे १.०६ मिमी पुढे जावे लागते.

पहिला कट केवळ ओरखड्याइतका घेऊन पिच गेजने तपासतात, कारण गिअर चुकला असेल तर तो याच वेळी कळतो. जॉबचे फेरे साध्या टर्निंगच्या (आटे न पाडता गोल कापण्याच्या) तिसऱ्या-चौथ्या हिश्शावर आणतात. आटे संपतात तेथे आधीच घळ काढलेली असल्यास टूल सुटायला जागा मिळते. प्रत्येक कटानंतर क्रॉस स्लाइड मागे घेऊन कॅरेज परत आणतात, क्रॉस स्लाइड पुन्हा शून्यावर आणतात आणि पुढची खोली कंपाउंड स्लाइडने देतात.

कॅरेजला लीड स्क्रूशी जोडणारा किंवा सोडवणारा हाफ नट पुन्हा नेमका कोठे लावायचा, हे थ्रेड डायल (कॅरेजवरची खुणांची तबकडी) दाखवते. परंतु इंची लीड स्क्रूवर मेट्रिक आटे पाडताना ही डायल उपयोगी पडत नाही. अशा वेळी हाफ नट काम संपेपर्यंत लावलेलाच ठेवून, टूल बाहेर काढल्यावर मोटर उलटी फिरवून कॅरेज मागे न्यावे लागते. मागे नेताना ते सुरुवातीच्या जागेच्या थोडे पलीकडे नेतात, म्हणजे पुन्हा पुढे येताना लीड स्क्रू व गिअरांमधली ढिलाई कट सुरू होण्याआधीच भरून निघते.